वय विचारायला कोण जाणार?

घोडेगावाहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की डिंभे धरणाच्या अलीकडे शिनोली लागतं. तिथं काय किंवा आंबेगाव-जुन्नरच्या कुठल्याही गावात काय, ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजींना वय विचारून बघा. उत्तर साठ येईल, पासष्ट येईल, सत्तर येईल. बासष्ट किंवा सदुसष्ट सहसा यायचं नाही. वयं अशी शून्यावर आणि पाचावर येऊन गोळा होतात, हे लोकसंख्याशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हा गोळा किती मोठा आहे ते मोजायची सूत्रंही आहेत. कागदपत्रांकडे वळलात तर गावातले बरेच जण एक जूनला जन्मलेले निघतील, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. जी शाळेत गेलीच नाही तिच्या आधार कार्डावर अनेकदा एक जानेवारी असते, किंवा नुसतंच साल.

आकडा सोडून हकिगत विचारली की मात्र सगळं सापडायला लागतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे तेव्हा थोरला पाळण्यात होता, अशा धर्तीचं वाक्य एकदा मिळालं की पुढचा हिशेब मांडता येतो. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, पानशेतचा पूर जुलै १९६१ चा. धरणाचं पाणी चढत गेलं आणि जुनं आंबेगाव त्याखाली गेलं, ही या खोऱ्याची स्वतःची खूण. तालुक्याला अजून नाव त्या बुडालेल्या गावाचंच आहे, कचेऱ्या घोडेगावात आहेत. अशा घटनांची दिनदर्शिका हाताशी धरून वय काढायची पद्धत जगभरच्या पाहण्यांमध्ये वापरतात. पण ती दिनदर्शिका त्या खोऱ्याचा इतिहास माहीत असलेल्या माणसानंच करायला हवी. पुण्यात बसून केलेली शिनोलीत चालेलच असं नाही.

हा नुसता अभ्यासकांचा छंद नव्हे. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन पासष्टाव्या वर्षी सुरू होतं, २०२३ पासून महिना १५०० रुपये. कागदावर वय तीन वर्षांनी कमी पडलं, तर ५४,००० रुपये गेले.

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे: तब्येत कशी आहे? उत्तर ठरलेलं, "बरं आहे." हे "बरं" म्हणजे चांगलं? कालच्यापेक्षा ठीक? की परक्या माणसापुढे गाऱ्हाणं मांडायचं नाही म्हणून म्हटलेलं? डॉक्टर गुडघा आणि रक्तदाब तपासेल. संख्याशास्त्रज्ञ उत्तरांची कोष्टकं करेल. पण "बरं" या शब्दाचं वजन भाषा जाणणाऱ्याला कळणार, आणि त्यामागचं घर, म्हणजे मुंबईत डबे पोचवणारा किंवा बाजारात हमाली करणारा मुलगा, सुनेचा स्वभाव, कोणाच्या नावावर किती जमीन, हे समाजशास्त्रज्ञाला. म्हातारपणाचा अभ्यास करायचा तर या सगळ्यांचं थोडं थोडं एकाच माणसाला यावं लागतं. असा माणूस तयार होण्याची जागा म्हणजे पीएच.डी. एका शाखेतल्या विद्यार्थ्यानं काही महिने दुसऱ्या शाखेच्या माणसांमध्ये जाऊन राहायचं, काम करायचं, शिकून परत यायचं. त्या काही महिन्यांचा खर्च आपल्याकडे कोणी दिला, कोणी नाही दिला, याचा इतिहास शोधायला बसलं की सुरुवात थेट पेशवाईपासून करावी लागते.

तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. पुढे ती प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली आणि वाढवली. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टननं ती एकदम मोडली नाही. त्या पैशाचा काही भाग वळवून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मग लोकहितवादींसारख्या नव्या शिकलेल्यांनी मागणी केली की हे पैसे मराठी ग्रंथांसाठीही खर्च व्हावेत, आणि दक्षिणा प्राइज कमिटी आली. पुढे कॉलेजांमधून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते, रामकृष्णपंत भांडारकरही होते. श्रावणातल्या दानाची संशोधनवृत्ती व्हायला शंभरएक वर्षं लागली, पण झाली.

या दक्षिणेचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात चांगला विनियोग १९२० च्या दशकात झाला. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान घेऊन १९२६ साली पदवीधर झालेल्या इरावती कर्वे दक्षिणा फेलोशिप मिळवून मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्यांकडे समाजशास्त्र शिकायला गेल्या. घुर्ये स्वतः मूळचे संस्कृतचे. मुंबईत समाजशास्त्राचा विभाग काढणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी त्यांना हेरलं, विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते इंग्लंडला गेले. लंडनचं शिक्षण मानवेना म्हणून केंब्रिजला रिव्हर्सकडे गेले. हा रिव्हर्स तर मूळचा डॉक्टर, मग मानसशास्त्रज्ञ, मग मानवशास्त्रज्ञ. १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारल्यावर घुर्यांनी हॅडनच्या हाताखाली प्रबंध पुरा केला. संस्कृतच्या विद्यार्थ्याला मानवशास्त्राकडे जायला मुंबई विद्यापीठानं पैसे दिले आणि मध्येच गुरू व गाव बदलू दिलं. आजच्या नियमांत हे बसवून दाखवावं.

इरावतीबाईंची पुढची उडी बर्लिनची. १९२८ मध्ये त्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगन फिशर यांच्याकडे शारीर मानवशास्त्र शिकायला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांना हे परदेशी जाणं पसंत नव्हतं. पैसे उभे राहिले ते जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून. कवटीच्या दोन बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी काही संबंध आहे का, हा प्रबंधाचा विषय. संबंध नाही, असं त्यांचं मोजमाप निघालं, आणि ते त्यांनी फिशरच्याच संस्थेत बसून लिहिलं. १९३० मध्ये पदवी मिळाली. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि शारीर मानवशास्त्र अशा तिन्ही शाखांत शिरलेली बाई परत आली आणि १९३१ ते १९३६ श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाची कुलसचिव झाली. डेक्कन कॉलेजात शिकवायला लागेपर्यंत १९३९ उजाडलं. शिकायला पैसे मिळाले, शिकलेलं वापरायला मात्र मधली आठनऊ वर्षं जागा नव्हती. ज्या घरात सासरे पुढे १०४ वर्षं जगले, त्या घरातल्या या मानववंशशास्त्रज्ञाला वार्धक्याचा अभ्यास हवा तितक्या जवळून करता आला असता, असा एक विचार मनात येतो. त्या काळी तो विषय म्हणून कोणाला दिसतही नव्हता.

दक्षिणेचं फार कौतुक करण्याआधी एक आठवण ठेवायला हवी. ती मुळात कोणत्या जातीला मिळे हे वर आलंच आहे, आणि फेलोशिप झाल्यावरही कॉलेजपर्यंत कोण पोचत होतं हे उघड आहे. दुसऱ्या बाजूचा दाखला बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, मानवशास्त्र असं सगळं घेतलं. जातिसंस्थेवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध मे १९१६ मध्ये वाचला गेला तो गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हा शेजारच्या घरातला मुक्काम होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं, आणि तो पुरा करायला साठवलेला पगार, नवल भथेना या मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत लागली. कर्वे असोत की आंबेडकर, शेवटचा टप्पा कोणाच्या तरी वैयक्तिक कर्जावर पार पडला, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर माणसं मोजण्याच्या शास्त्राला पुण्या-मुंबईत भक्कम घर मिळालं. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये निघालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या जनन आणि मृत्यूंची पाहणी केली. तिचा ग्रंथ १९५३ सालचा. १९५६ मध्ये चेंबूरला लोकसंख्या अभ्यासाचं केंद्र निघालं. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रं अशा तिघांनी मिळून ते काढलं. आज देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच.

इथं पैसे होते, विद्यार्थी होते, शिष्यवृत्त्याही होत्या. पण पैसा पाळण्याभोवती होता. १९५२ मध्ये भारतानं कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला, जगात पहिल्यांदा. पुढची तीन-साडेतीन दशकं देशातल्या आणि परदेशातल्या देणगीदारांना एकच प्रश्न पडलेला होता: मुलं किती होतात आणि ती कमी कशी होतील? प्रबंधही त्याच दिशेला गेले. यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही. ज्या देशात माणसं म्हातारी व्हायच्या आतच मरत होती तिथं म्हातारपणावर खर्च कोण करणार? पण आज सत्तरीत असलेल्या बाईंचा त्यामुळे गमतीदार हिशेब झाला. मुलं होत होती त्या वयात शास्त्राला त्यांच्यात फार रस होता. मुलं व्हायची थांबली आणि रस संपला.

कुमुदिनी दांडेकर स्वतः मात्र थांबल्या नाहीत. भारतातल्या वृद्धांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९९६ मध्ये आलं, जननाच्या पाहणीनंतर त्रेचाळीस वर्षांनी. एकाच अभ्यासक बाईच्या कारकिर्दीत पाळण्यापासून काठीपर्यंतचा प्रवास झाला. राष्ट्रीय वृद्ध धोरण त्यानंतरचं, १९९९ चं.

पुणे जिल्ह्यात म्हातारपणावर अनेक शास्त्रं एकत्र आणून पीएच.डी. झाल्याचं मला चांगलं ठाऊक असलेलं उदाहरण शिनोलीचं नाही, शेजारच्या शिरूर तालुक्यातलं आहे. वढू हे गाव. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात तिथं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्यांना १९९३ चं मॅगसेसे मिळालं त्यामागे या कामाचा मोठा वाटा होता. २००२ पासून तिथल्या बावीस गावांतली प्रत्येक घरातली जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची नोंद नियमित ठेवली जाऊ लागली. अशी नोंद असली की एक मोठी गोष्ट साधते. आज ज्याला प्रश्न विचारला तो चार वर्षांनी आहे की नाही, हे कळतं.

२००७ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्धक्य पाहणीत आशिया-आफ्रिकेतली अशी आठ ठिकाणं निवडली गेली. भारतातलं एकमेव ठिकाण वढू. पन्नाशीपुढच्या पाच हजारांहून अधिक माणसांना प्रश्न विचारले गेले. के.ई.एम. संशोधन केंद्रातले डॉ. सिद्धिविनायक हिरवे यांनी या सामग्रीवर स्वीडनच्या उमिओ विद्यापीठात प्रबंध केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रबंधाचं शीर्षकच प्रश्नाचं आहे: एकंदरीत आज तुम्हाला कसं वाटतंय? म्हणजे आपल्या आजींचा दुसरा प्रश्न.

"खूप चांगली" पासून "खूप वाईट" पर्यंत पाच पायऱ्या, त्यातली एक माणसानं निवडायची. एवढ्याशा उत्तराला काही अर्थ आहे का, हा तपास. अर्थ आहे, असं निघालं. तब्येत वाईट म्हणणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू जास्त होते, आणि हा संबंध पुरुषांमध्ये अधिक ठळक होता. बायकांनी एकुणात आपली तब्येत पुरुषांपेक्षा वाईट सांगितली. मग दोघांची फूटपट्टी एकच आहे का? ते पाहायला एक युक्ती वापरतात. समजा एक बाई आहे, तिला पाण्याचा हंडा उचलताना दम लागतो, अशा धर्तीची छोटी गोष्ट सगळ्यांना सांगायची आणि त्या बाईची तब्येत कशी म्हणाल, असं विचारायचं. गोष्ट तीच असताना उत्तरं वेगळी आली की फूटपट्ट्या वेगळ्या आहेत हे समजतं. वैद्यक, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि मराठीतला "बरं" या सगळ्यांची गाठ इथं पडते.

पैसे कोणाचे? वार्धक्य पाहणीमागे अमेरिकेची राष्ट्रीय वार्धक्य संस्था होती. ती १९७४ मध्ये स्थापन झाली. उमिओच्या बाजूनं स्वीडनची कार्यजीवन व समाज संशोधन परिषद होती. शिरूर तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना "कसं वाटतंय" हे विचारायचा खर्च प्रामुख्यानं वॉशिंग्टन आणि स्टॉकहोम यांनी उचलला, आणि पदवी मिळाली ती जवळजवळ उत्तर ध्रुववृत्ताच्या शेजारी. मला यात कमीपणा वाटत नाही, बर्लिनमध्येही हेच झालं होतं. पण परक्या पैशाबरोबर परका प्रश्नही येतो. पन्नाशीपुढचे सगळे "वृद्ध" धरायचे, ही त्या पाहणीची सोय. भातलावणीला चिखलात वाकलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला कोणी वृद्ध म्हणून तर पाहावं!

आपल्या सरकारनंही मग मोठं काम केलं. देवनारच्या संस्थेनं केलेल्या राष्ट्रीय वार्धक्य पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ ची. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या ७२,२५० माणसांच्या मुलाखती झाल्या, अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. सामग्री संशोधकांना फुकट मिळते. त्यामुळे वार्धक्यावरच्या प्रबंधांना एकदम बहर आला. ही आनंदाची गोष्ट आहे आणि थोडी धास्तीचीही. आता एकाही म्हाताऱ्या माणसाला न भेटता म्हातारपणावर पीएच.डी. होता येतं. संगणकावरच्या रकान्यात वय ६५ असं लिहिलेलं असतं. ते कसं ६५ झालं, हे विद्यार्थ्यानं कधी पाहिलेलंच नसतं.

पाहायला जायचं म्हटलं तर काय हाती पडतं? विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधनवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. मिळाली तर चांगलीच. ती नेट परीक्षेतून, विषयवार मिळते. लोकसंख्या अभ्यास, समाजकार्य, गृहविज्ञान असे विषय त्या यादीत आहेत, वार्धक्यशास्त्र नाही. प्रवास, छपाई, पुस्तकं अशा किरकोळ खर्चासाठी सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये. घोडेगावात तीन महिने खोली, गावोगाव फिरायला दुचाकी आणि पेट्रोल, महादेव कोळी वस्त्यांवर बरोबर येणारा एखादा स्थानिक मुलगा, एवढं यात बसवायचं. आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीनं आंतरविद्याशाखीय विषयाला बाहेरचा सहमार्गदर्शक घ्यायला परवानगी दिली. परवानगी आहे, पण त्या सहमार्गदर्शकाच्या विभागात जाऊन चार महिने राहण्याचा खर्च कोणत्याच रकान्यात नाही. बाहेर अनेक देशांत नेमक्या याच गोष्टीला वेगळं अनुदान असतं. रक्कम लहान, मुदत काही महिन्यांची, अट एवढीच की आपली शाखा सोडून दुसरीकडे जायचं.

असं कसं करतात हे बघायला फार लांब जायला नको. जुन्नर तालुक्यातच, नारायणगावाजवळ खोडदला, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. तिथं पुण्याहून पीएच.डी.चे विद्यार्थी येतात, विद्युत अभियंत्यांमध्ये वावरतात, निरीक्षणं घेतात. भौतिकशास्त्राचा मुलगा अँटेनाच्या तारा समजून घेतो आणि त्याबद्दल त्याला कोणी विषयांतर केलं म्हणत नाही. त्या तबकड्यांच्या आसपासच्या वस्त्यांवर तरुण मुलं मुंबई-पुण्याला गेलेली आणि म्हातारी माणसं बिबट्याच्या भीतीनं दिवेलागणीलाच दार लावून बसलेली, हे जुन्नरकराला सांगायला नको. कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबून आलेला संदेश पकडायची सोय तिथं आहे. ती असावीच. माझं म्हणणं फक्त रस्त्याच्या पलीकडच्या बाजूबद्दल आहे.

राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या संशोधनवृत्त्यांनी गेल्या दशकात एक वेगळी गोष्ट घडवली. दक्षिणा ज्यांच्यापर्यंत कधीच पोचली नव्हती अशा घरांतली मुलं-मुली प्रबंध लिहू लागली. यातल्या पुष्कळांची आजी अशाच एखाद्या शिनोलीत बसलेली असते. वय कसं विचारायचं आणि "बरं" म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांना हवं आहे ते संख्याशास्त्र, वैद्यकातला एखादा मार्गदर्शक आणि थोडा काळ. २०२३ मध्ये या वृत्त्यांची संख्या प्रत्येक संस्थेमागे २०० वर आणण्याचा निर्णय झाला. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत. गदारोळ झाला आणि त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. त्याच महिन्यात वृत्तीसाठी घेतलेल्या परीक्षेत जुनीच प्रश्नपत्रिका आल्याचं उघड झालं, आणि जानेवारीतल्या फेरपरीक्षेवर अनेक विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला.

वढूच्या बावीस गावांत आज कोण किती वर्षांचं आहे हे बऱ्यापैकी खात्रीनं सांगता येतं, कारण तिथं वर्षानुवर्षं कोणीतरी दारात जाऊन विचारत आलं आहे. घोड नदीच्या वरच्या खोऱ्यात तसं कोणी आलेलं नाही. तिथं वयाचा वाद पडला तर आजी घोडेगावला जातात, डॉक्टर दात आणि चेहरा पाहून अंदाजानं वयाचा दाखला देतात, आणि त्या दाखल्यावरचा आकडा बहुधा पाचानं किंवा शून्यानं संपतो.